आजोबांची होडी, बाबांचा कारखाना

बालमित्रांनो, माझ्या वर्गात एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एकाचे आजोबा होडी घेऊन समुद्रात जातात, तर दुसऱ्याचे बाबा बोईसरच्या कारखान्यात पाळीवर जातात. कधी कधी तर हे आजोबा आणि बाबा एकाच घरातले असतात! म्हणून 'कारखाने वाईट' असं सोपं उत्तर मला तुम्हांला देता येत नाही.

तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधं, रंग, रसायनं, कापड तयार होतं. त्याला पाणी भरपूर लागतं. वापरलेलं पाणी आधी सामूहिक प्रक्रिया केंद्रात स्वच्छ करायचं आणि मग नळाने नवापूरजवळ समुद्रात सोडायचं, अशी व्यवस्था आहे. पण ते नीट स्वच्छ न होताच पुढे गेलं तर? पाण्यातले जीवाणू ती घाण खाताना विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. मग बोय आणि कोळंबीने श्वास कसा घ्यायचा?

२०१६ मध्ये मांगेला समाज परिषदेने याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मोजणीत तर देशातल्या १०० औद्योगिक पट्ट्यांत प्रदूषणात तारापूरचा पहिला नंबर आला. असा पहिला नंबर कुणाला हवा?

त्यात हवामानाची भर पडते आहे. समुद्राचं पाणी तापलं की चक्रीवादळांना बळ मिळतं. मे २०२१ मधलं 'तौक्ते' वादळ आपल्या किनाऱ्यासमोरूनच गुजरातकडे गेलं. सातपाटीला बंधारा आहे, तरी उधाणात लाटा त्यावरून घरांपर्यंत आल्या आहेत. खाडीतली तिवरं लाटांचा जोर कमी करतात, माती धरून ठेवतात, मासळीच्या पिल्लांना आसरा देतात. भराव टाकून ती मारली, तर आपणच आपलं कुंपण मोडतो.

सातपाटीचं पापलेट नावाजलेलं. २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. मान तर दिला, आता स्वच्छ पाणीही द्यायला नको का?

पालकहो, रोजगार हवा आणि खाडीही हवी. पाणी स्वच्छ करण्याचा खर्च कारखान्याने वाचवला, तर तो कोळ्याच्या रिकाम्या जाळ्यातून वसूल होतो. हे गणित चौथीतल्या मुलालाही सुटतं.

आणि मुलांनो, तुम्ही एक काम करा. आजी-आजोबांना विचारा, "तुमच्या लहानपणी खाडीत कोणकोणती मासळी मिळायची?" बाबांना विचारा, "कारखान्यात वापरलेलं पाणी कुठं जातं?" दोन्ही उत्तरं वहीत शेजारी शेजारी लिहा आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवा.