सूर्यनमस्कार किती जुना?



तुझ्या योगवर्गातल्या बाई सांगतात की तुम्ही घालता तो सूर्यनमस्कार पाच हजार वर्षं जसाच्या तसा चालत आला आहे. हे खरं का, असं तू विचारलंस. योग फार प्राचीन, यात वाद नाही. पण तुझ्या चटईवर जे चालतं त्यातलं बरंचसं गेल्या शंभर वर्षांत घडलं, आणि त्यातलं कितीतरी आपल्या मुलखात.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर जेमतेम तीन सूत्रं आहेत. सगळा भर चित्तावर. १२९० साली ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नाथपंथीयांचा कुंडलिनीयोग मराठीत उलगडला. पुढे स्वात्मारामांच्या हठप्रदीपिकेत आसनं आली, तीही पंधराच. हे सारं गुरूने शिष्याला द्यायचं, गृहस्थाने लांबूनच हात जोडायचे.

हे बदलण्यात नर्मदाकाठच्या मालसरच्या परमहंस माधवदासजींचे दोन शिष्य पुढे होते. योगेंद्रांनी १९१८ मध्ये वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या घरात, साध्या संसारी माणसांसाठी योगसंस्था काढली. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. मला त्यांच्याविषयी अपार आदर आहे. बडोद्याच्या माणिकरावांच्या तालमीत घडलेल्या या माणसाने योगाला प्रयोगशाळेत नेलं. नौली या पोटाच्या योगक्रियेच्या वेळी योगी मोठ्या आतड्यात पाणी ओढून घेतात. ते कसं चढतं? त्यांनी क्ष-किरणांनी पाहिलं, दाब मोजला, तेव्हा आत अंशतः निर्वात पोकळी होते असं आढळलं. त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं! शास्त्र आणि गुरुभक्ती एकाच ठिकाणी इतकी सहज नांदलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं आणि प्रयोगांचे निष्कर्ष छापायला ‘योगमीमांसा’ नियतकालिक सुरू केलं.

आता तुझा सूर्यनमस्कार. सूर्याला दंडवत घालण्याची चाल जुनीच, पण तो घरोघरचा व्यायाम व्हावा म्हणून साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आयुष्यभर झटले. ते स्वतः रोज नमस्कार घालत, संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. १९३८ मध्ये त्यांच्या पद्धतीवरचं इंग्रजी पुस्तक विलायतेत निघालं. त्या काळी अनेकांच्या लेखी हा व्यायाम होता, योग नव्हे. दोन्हींची सांगड नंतर घातली गेली.

तुमच्या वर्गातले ते पट्टे आणि ठोकळे मात्र योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांचे. म्हैसूरला योगाचार्य कृष्णमाचार्यांकडे शिकून ते १९३७ मध्ये पुण्यात आले, तेव्हा त्यांना मराठी येत नव्हती. लहानपणी आजारांनी पिचलेलं त्यांचं शरीर, म्हणूनच ताठरलेल्या, दुखऱ्या माणसालाही आसन जमावं हा त्यांचा ध्यास असावा. पुण्यातूनच ते जगभर पोचले.

बाईंना हे जरूर सांग. योग शंभर वर्षांपूर्वीही वाढत होता, म्हणून तो जराही कमी अस्सल ठरत नाही, हेही सांग. औंधच्या राजेसाहेबांचं नाव त्यांना लिहून दे.

तुझी,
आत्या