डबा न बांधता

हॅलिविक ही अपंग मुलांना पाण्यात सावरायला आणि मग पोहायला शिकवण्याची पद्धत. जेम्स मॅकमिलन या इंजिनिअरने ती १९४९ साली लंडनच्या साउथगेट भागात, शारीरिक अपंगत्व असलेल्या मुलींच्या हॅलिविक शाळेत सुरू केली. मॅकमिलन डॉक्टर नव्हता; द्रवांचं गतिशास्त्र हा त्याचा विषय. म्हणून कोणता स्नायू दुबळा आहे यापेक्षा शरीर पाण्यात कोणत्या कुशीला कलंडतं, हे या पद्धतीत आधी पाहिलं जातं.

कलंडण्यामागचं गणित साधं आहे. वजन शरीराला एका बिंदूतून खाली ओढतं, पाण्याची उचल दुसऱ्या बिंदूतून वर ढकलते. हे दोन बिंदू एका उभ्या रेषेत नसले की शरीर फिरतं, आणि रेषेत येईपर्यंत फिरत राहतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची एक बाजू जास्त आखडलेली असेल तर ते पाठीवर सरळ तरंगतच नाही. प्रस्तुत लेखिकेच्या मुलाचे दोन्ही पाय ताठ आहेत, त्यात डावी बाजू अधिक. सातव्या वर्षी तो पहिल्यांदा टँकमध्ये उतरला. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी त्याला पाठीवर आडवं केलं, मानेखालचा हात जरा सैल सोडला, आणि तो ओंडक्यासारखा डावीकडे वळून पालथा झाला. मॅडमनी त्याला लगेच वळवून वर घेतलं. दोन सेकंदांची गोष्ट, पण तेवढ्यात काठावरच्या आईने अख्ख्या टँकला ऐकू जाईल अशी किंकाळी फोडली होती. दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी आईलाच पाण्यात उतरवलं. तिला पोहता येत नव्हतं. कमरेच्या वर पाणी नव्हतं, त्यामुळे अडलं नाही.

हॅलिविकमध्ये एका मुलामागे एक मदतनीस असतो आणि मुलाला तरंगण्याचं कोणतंही साधन बांधत नाहीत. ट्यूब नाही, दंडात हवेचे फुगे नाहीत. आपल्याकडे विहिरींवर पोरं पिढ्यान् पिढ्या पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून शिकली, त्यामुळे हा नियम ऐकून आजोबा मंडळी मान हलवतात. धडधाकट पोराला डबा चालतो. हातपाय मारत ते त्याच्याशी जुळवून घेतं आणि एक दिवस डबा सुटतो. आखडलेल्या शरीराला मात्र डबा कलंडण्याची जाणीवच होऊ देत नाही, आणि जे जाणवलंच नाही ते सावरायला शिकणार कसं? शिवाय ट्यूबमधलं मूल उलटं झालं तर तीच ट्यूब त्याला सरळ होऊ देत नाही.

पद्धतीचे टप्पे दहा. पाण्याशी मन जुळवणं हा पहिला, आणि वेळ खाणाराही तोच. त्याचं मूळ श्वासात आहे. घाबरलेलं मूल श्वास रोखतं आणि अंग आणखी ताठतं. म्हणून चेहरा पाण्याजवळ आला की फुंकायचं, ही सवय आधी लावतात. टेबल टेनिसचा चेंडू फुंकत पुढे न्यायचा, मेणबत्ती विझवायची, चहा गार करायचा. या मुलाने चहा निवडला. तीन आठवडे तो रोज नसलेल्या बशीत फुंकर मारत होता. मग एके दुपारी हनुवटी, ओठ आणि शेवटी नाक पाण्याखाली गेलं, आणि बुडबुडे वर आले. थोडं पाणी घशात गेलं, तो खोकला आणि म्हणाला, ‘‘साखर कमी आहे.’’

पुढचे टप्पे फिरण्यावर ताबा मिळवण्याचे. पाठीवरून पुन्हा उभं होणं, बाजूला झुकून सावरणं, कुशीवर वळून परत पाठीवर येणं. किल्ली डोक्यात असते, अक्षरशः. डावीकडे कलंडायला लागलं की डोकं उजवीकडे वळवायचं; बरेचदा तेवढ्यानेच तोल राहतो. हात मारत पुढे जाणं अगदी शेवटच्या, दहाव्या टप्प्यावर येतं. ‘कधी पोहणार?’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांना हे पटत नाही.

दरम्यान पाणी आपलं काम करत असतं. उभ्या माणसाच्या पायांवर बेंबीपर्यंतच्या पाण्यात साधारण निम्मं वजन उरतं, छातीपर्यंत तिसरा हिस्सा, मानेपर्यंत दहावा. १८ किलोच्या मुलाच्या पायांवर मानेइतक्या पाण्यात जेमतेम दोन किलो येतात. घरी स्प्लिंट बांधून, वॉकर धरूनच उभा राहणारा हा मुलगा इथे अनवाणी, आईची दोन बोटं धरून उभा राहिला. याची दुसरी बाजू शिडीवर कळते. पायरीगणिक वजन परत येतं, आणि अर्धा तास काम केलेले गुडघे तिसऱ्या पायरीला दुमडतात. त्याला तिथून उचलूनच आणावं लागतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुळाशी असलेली मेंदूतली इजा पाण्याने भरून निघत नाही, आणि कोमट पाण्याने सैल झालेले स्नायू काही वेळाने पुन्हा ताठतात.

उपचाराचं पाणी ३३ ते ३५ अंश सेल्सिअस असावं लागतं. स्पर्धेच्या तलावात ते २५ ते २८ अंश असतं. थंड पाण्यात ताठर स्नायू आणखी आखडतात. आपले बहुतेक सार्वजनिक टँक उघड्यावर आणि न तापवलेले, म्हणून एप्रिल-मेची दुपार हाच खरा मोसम.

एका टँकवरच्या व्यवस्थापकाने लेखिकेला दारातच विचारलं होतं, ‘‘ताई, याला पाण्यात फिट आली तर जबाबदारी कोणाची?’’ स्वर उर्मट होता, पण प्रश्न रास्त होता. फिट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांच्या परवानगीशिवाय आणि हाताच्या अंतरावर मोठं माणूस असल्याशिवाय पाण्यात नेऊ नये. ताप, जुलाब, उघडी जखम असताना नेऊच नये. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याखेरीज सूर मारू देऊ नये. स्वमग्न मुलांतल्या अनेकांना पाण्याची विलक्षण ओढ असते आणि धोका कळत नाही, म्हणून त्यांच्यावर नजर हवीच. पण ‘‘इतर मेंबरांना बघवत नाही’’ हे व्यवस्थापकाचं पुढचं वाक्य रास्त नव्हतं. दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० नुसार अशा मुलांचा खेळांतला सहभाग ही सरकारची जबाबदारी आहे. त्या टँकवर प्रवेश मिळाला नाही, दुसऱ्यावर मिळाला.

अशा मुलांच्या आईबापांना लोक हमखास मुरलीकांत पेटकरांचं नाव ऐकवतात. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या सांगली जिल्ह्यातल्या या जवानाने १९७२ च्या हायडलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं. मुंबईच्या जिया रायचंही नाव निघतं. ती स्वमग्न असून २०२२ मध्ये तेराव्या वर्षी तिने पाल्कची सामुद्रधुनी पोहून पार केली. दोघांची कर्तबगारी वादातीत आहे, पण शेजारच्या पोराला मोजायला ही फूटपट्टी कामाची नाही.

हा मुलगा आता दहा वर्षांचा आहे. वीस आकडे मोजेपर्यंत तो पाठीवर तरंगतो आणि पालथा झाला तर आपला आपण वळून श्वास घेतो. जमिनीवर तो अजून वॉकरनेच चालतो.