जुनी फ्रेम, नवा कागद : दुरुस्त केलेल्या स्पीकरची साक्ष

१.
जुन्या अमेरिकन गिटार अँप्लिफायरची मागची फळी काढली, की स्पीकरच्या लोखंडी फ्रेमवर काही आकडे उमटवलेले दिसतात. समजा, ते २२०६३२ असे आहेत. पहिले तीन आकडे कारखान्याचे. २२० म्हणजे जेन्सन. चौथा आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि उरलेले दोन त्या वर्षातील आठवड्याचे. म्हणजे हा स्पीकर सहाने संपणाऱ्या एखाद्या वर्षाच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. ते वर्ष १९४६, १९५६ की १९६६, हे मात्र आकडे सांगत नाहीत. ते चुंबकाचा घाट, लेबल आणि अँप्लिफायरची रचना यांवरून ठरवावे लागते. अंतर्गत आणि बाह्य पुरावा ताडून पाहण्याचा इतका सुटसुटीत नमुना क्वचितच हाती लागतो.

२.
पुरावा जुळला आणि वर्ष १९५६ ठरले, तरी एक अडचण उरते. ही तारीख फ्रेमची आहे. आवाज मात्र फ्रेम काढत नाही. तो तिच्यात बसवलेला कागदाचा कोन काढतो, आणि तो कागद मधल्या काळात दोनतीनदा बदललेला असू शकतो. मग हा स्पीकर १९५६चा म्हणावा काय? हा थ्रेड या प्रश्नाविषयी आहे: झिजलेला स्पीकर दुरुस्त होताना काय वाचते आणि काय कायमचे जाते. आणि नवी मुंबईच्या गावठाणांत हा प्रश्न दर पावसाळ्यात नव्याने उभा का राहतो.

३.
आधी वस्तूची ओळख. स्पीकरच्या मागे चुंबक असते. त्याच्या मध्यभागी एक अरुंद गोल फट असते. तिला कारागीर 'गॅप' म्हणतात. या गॅपमध्ये तांब्याच्या बारीक तारेची व्हॉइस कॉइल अधांतरी असते. चुण्यांची एक कापडी चकती, म्हणजे स्पायडर, तिला मधोमध धरून ठेवते. कॉइलला कागदी कोन चिकटवलेला असतो आणि कोनाची बाहेरची कड फ्रेमला. कॉइलमधून विजेचा प्रवाह गेला, की ती पुढेमागे थरथरते, कोन हवा ढकलतो आणि आवाज होतो. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ मध्ये कॅलिफोर्नियात हलत्या कॉइलचा ध्वनिक्षेपक लोकांसमोर आणला. पुढे १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी जो आराखडा मांडला, तोच मुळात आजही चालतो.

४.
गिटारचा स्पीकर मात्र घरच्या संगीतयंत्रातील स्पीकरहून वेगळ्या स्वभावाचा. संगीतयंत्रातील स्पीकरने स्वतःचे काही न मिसळता ध्वनिमुद्रण ऐकवावे, अशी अपेक्षा असते. गिटारचा स्पीकर स्वतः वाद्याचा भाग असतो. त्याचा कोन पातळ, कडही कागदाचीच. साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर त्याचा प्रतिसाद झपाट्याने उतरतो, त्यामुळे विद्युत गिटारचा कर्कशपणा गाळला जातो. मोठ्या आवाजात कागद ठिकठिकाणी आपापल्या परीने कंप पावतो आणि त्यातून स्वराला भरीवपणा येतो. कागद बदलला, की वाद्यही थोडे बदलते.

५.
म्हणूनच या वाद्याच्या इतिहासात बिघाडालाही स्थान आहे. १९५८च्या 'रंबल'साठी लिंक रे याने अँप्लिफायरच्या स्पीकरला भोके पाडली. १९६४ मध्ये 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने आपल्या लहानशा अँप्लिफायरचा कोन ब्लेडने चिरला. त्या फाटक्या कागदाची घरघर पुढे रॉक संगीताची ओळख ठरली. एखाद्या प्रामाणिक कारागिराने ते स्पीकर वेळीच दुरुस्त केले असते, तर इतिहासातील एक दस्तऐवज हरवला असता. झीज ही कधी केवळ हानी असते, तर कधी नोंद.

६.
भारतात हा प्रश्न वेगळ्या वळणाने आला. १९४७च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यानंतर परदेशी सामग्री परवान्याच्या चौकटीतून येऊ लागली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात तर विद्युत गिटार स्थिरावत होती. व्हॅन शिप्ली आणि हजारा सिंग यांच्या गिटारवादनाच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजत. १९७१च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मध्ये भूपिंदर सिंग यांची गिटार गाजली. अशा काळात परदेशी स्पीकरचा कोन फाटला, तर तसाच दुसरा मागवणे सोपे नव्हते. जे होते ते जगवायचे, हाच मार्ग. डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजे लोकांच्या तोंडचा लॅमिंग्टन रोड, हा अशा सुट्या भागांचा आणि दुरुस्तीचा बाजार. पाश्चात्त्य संग्राहकासाठी जी हौस, ती येथे गरज होती.

७.
आता खाडी ओलांडून नवी मुंबईत येऊ. सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली ही नावे त्या आराखड्यापेक्षा कितीतरी जुनी. आगरी-कोळी वस्तीच्या या गावांत हळद असो, शिमगा असो की गणपतीची मिरवणूक, बेंजो पार्टी आलीच.

८.
हा 'बेंजो' अमेरिकेतील कातडी मढवलेला बँजो नव्हे. त्याचे मूळ जपानी ताइशोगोतोत आहे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये, ताइशो कालखंडाच्या आरंभी, टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले हे तंतुवाद्य घडवले. भारतात ते बुलबुलतरंग झाले. पुढे त्याच्या पोलादी तारांखाली चुंबकीय पिकअप बसला, तारेचे कंपन विजेत रूपांतरित झाले आणि ढोल-ताशांच्या गजरातही वाद्य ऐकू येऊ लागले. पिकअप, अँप्लिफायर, कागदी कोन ही साखळी विद्युत गिटारचीच आहे. म्हणून नवी मुंबईत गिटार अँप्लिफायरच्या झिजलेल्या स्पीकरचे सर्वांत जवळचे भावंड शोधायचे, तर ते टेम्पोवर बांधलेल्या बेंजोच्या खोक्यात सापडते.

९.
येथे स्पीकर झिजण्याची कारणे हवेत आहेत. खाडीकाठच्या दमट हवेत कागद ओल धरतो, मऊ पडतो, गोंदाचे जोड सुटतात. खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो. गंजाचा कण गॅपमध्ये शिरला, की कॉइल त्यावर घासते. त्यात भर पडते ती पंचांगाची. गणेशोत्सव पावसाळ्यातच येतो, म्हणजे कागद सर्वांत दुबळा असतो तेव्हाच त्याच्यावर सर्वाधिक भार पडतो. स्पीकरला मिळालेल्या शक्तीचा बहुतांश भाग आवाजात नव्हे, तर उष्णतेत जातो. अँप्लिफायर तासन्‌तास ताणून वाजवला, की कॉइल तापते, तिचा गोंद सैल होतो, वेटोळी सुटतात आणि शेवटी ती जळते.

१०.
तपासणी हातानेच सुरू होते. बोटे कोनावर सर्व बाजूंनी सारखी टेकवून तो हलकेच आत दाबायचा आणि कान जवळ न्यायचा. खरखर ऐकू आली, तर कॉइल घासते आहे. मग मल्टिमीटर लावायचा: आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा-सात ओहम दाखवतो, काहीच दाखवत नसेल, तर तार कोठेतरी तुटली आहे. अनेक वर्षे एकाच स्थितीत राहून कोन खाली ओघळला असेल आणि झीज तेवढीच असेल, तर स्पीकर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला तरी काही काळ काम भागते. कडेला लहानशी चीर असेल, तर टिश्यू पेपरचा तुकडा आणि पाणी घालून पातळ केलेला पांढरा गोंद पुरतो. या दुरुस्तीत मूळ कागद वाचतो.

११.
कॉइल जळली असेल, तर मात्र रिकोन करावे लागते. जुना कोन ब्लेडने कापून काढायचा, फ्रेमवरचा वाळलेला गोंद मऊ करून खरवडायचा, चिकटपट्टी गॅपमध्ये फिरवून आतला धातूचा कण न् कण उचलायचा. मग नवी कॉइल. ती मधोमध राहावी म्हणून तिच्या आत, चुंबकाच्या मधल्या खांबाभोवती, फिल्मच्या पातळ पट्ट्या सरकवायच्या. गॅपमध्ये कॉइलच्या दोन्ही अंगांना एक मिलिमीटरहूनही कमी जागा असते, त्यामुळे पट्टीची जाडी चुकली तर सारे श्रम वाया जातात. स्पायडर, कोन, कड या क्रमाने गोंद लावायचा, तारा डाखायच्या आणि रात्रभर थांबायचे. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढून, घासत नाही याची खात्री करून, मधले छिद्र डस्ट कॅपने झाकायचे.

१२.
रिकोननंतर उरते काय? फ्रेम आणि चुंबक. चुंबकही काळाची खूण सांगते. १९७७-७८ मध्ये झाइरच्या शाबा प्रांतातील अशांततेमुळे कोबाल्टचे भाव भडकले आणि कोबाल्ट लागणाऱ्या ॲल्निको चुंबकांऐवजी जगभरचे स्पीकर कारखाने फेराइटकडे वळले. म्हणजे आफ्रिकेतील खाणींचा इतिहास स्पीकरच्या पाठीवर वाचता येतो. पण त्याच्या पुढ्यातला कागद गेला, तो कचऱ्यात. गावातल्या गल्लीत तो स्पीकर पूर्वी कसा वाजत असे, याचा एकमेव साक्षीदार तो होता. स्टुडिओत मुद्रित झालेली गाणी स्टुडिओतला आवाज सांगतात, गल्लीतला नव्हे.

१३.
यावर कोणी म्हणेल, मग दुरुस्तीच नको. पण हा सल्ला काचेच्या कपाटाला शोभतो, बेंजोवाल्याला नाही. त्याची सुपारी ठरलेली असते, मिरवणूक थांबत नाही, आणि फाटका स्पीकर घेऊन गेलेल्या पार्टीला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही. न वाजणारे मूळ वाद्य आणि वाजणारे दुरुस्त वाद्य यांत वादक नेहमी दुसरेच निवडणार, आणि त्याचे ते योग्यच आहे. कारण परंपरा वस्तूत जितकी असते, तितकीच वाजवण्यातही असते.

१४.
या पेचावर मराठी परंपरेतच एक जुने उत्तर आहे. प्रतीवरून प्रत होताना ज्ञानेश्वरीत अपपाठ शिरले होते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, पाठ शुद्ध केला. तीही दुरुस्तीच होती, आणि तिच्यानंतर आधीचे काही पाठ मागे पडले असणारच. पण आपण शुद्धी केली हे आणि तिचे वर्ष, दोन्ही ग्रंथाच्या शेवटी नोंदवले गेले. म्हणून आजच्या अभ्यासकाला कोठून पुढे एकनाथांचा हात लागला, हे ठाऊक असते. दुरुस्ती मूळ पुसते हे खरे. पण दुरुस्तीचीही नोंद राहिली, तर ती स्वतः इतिहासाचा एक थर होते.

१५.
ध्वनीच्या इतिहासात नेमकी हीच नोंद कमी पडते. काँग्रेसच्या सभांच्या जुन्या छायाचित्रांत गांधीजींसमोरच्या मायक्रोफोनवर 'शिकागो रेडिओ' ही अक्षरे दिसतात. नाव परदेशी, पण व्यवसाय मोटवाने कुटुंबाचा. त्यातील नानिक मोटवाने यांच्यावर १९४२च्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या प्रकरणात खटलाही चालला. त्यांचा मायक्रोफोन छायाचित्रात आला, म्हणून लक्षात राहिला. मैदानाच्या कडेला खांबांवर लावलेले ध्वनिक्षेपक चौकटीबाहेर राहिले, आणि ते बिघडल्यावर दुरुस्त करणारे हात तर त्याहून दूर.

१६.
सिडकोच्या नकाशांची दप्तरे आहेत. गावठाणांच्या आवाजाचे दप्तर नाही. ते तयार करायला मोठा निधी लागत नाही. स्पीकर उघडला जाईल तेव्हा फ्रेमवरचे आकडे, कोनाचा व्यास, कॉइलचा रोध आणि कोणता भाग बदलला, एवढे टिपावे. चुंबकाच्या पाठीवर पक्क्या शाईने दुरुस्तीची तारीख लिहावी. काढलेला कोन फेकण्याऐवजी वर्तमानपत्रात गुंडाळून, कोरड्या जागी, त्या वाद्याच्या नावाने ठेवावा. आणि शक्य असेल तर दुरुस्तीपूर्वी, तो खरखरत असतानाच, दोन मिनिटे त्याचे ध्वनिमुद्रण करावे.

१७.
ज्यांच्या गावात बेंजो पार्टी आहे, त्यांनी येत्या गणपतीआधी एकदा खोक्याच्या मागे डोकवावे आणि दुरुस्ती करणाऱ्याला विचारावे: यातले जुने काय, नवे काय, आणि कोणी बदलले? उत्तर वहीत उतरवून घ्यावे. पुढच्या पिढीतल्या अभ्यासकाला फ्रेमवरचे आकडे तर वाचता येतीलच. त्या फ्रेममधल्या कागदाची हकिगत त्याला फक्त या वहीतच सापडेल.