रायतूरची टेकडी आणि घरातला ग्रंथ

मडगाव शहर मागे टाकून राय गावातून पुढे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची खाचरे लागतात. माडांच्या रांगा, मधूनमधून लाल कौलांची घरे, वळणावळणावर पांढरे क्रूस असा तो सगळा रम्य प्रदेश आहे. सात-आठ किलोमीटरची ही वाट संपता संपता समोर एक टेकडी दिसू लागते आणि तिच्यावर एक विस्तीर्ण, शुभ्र इमारत. पलीकडून झुआरी नदी संथ वाहत असते. नदीच्या पैलतीराला शिरोडे गाव. या ठिकाणाचे नाव रायतूर. पोर्तुगीजांनी त्याचे ‘राशोल’ केले, आणि ख्रिस्तसभेच्या इतिहासात ते त्याच नावाने प्रसिद्ध पावले.

आमच्या खानापूर-बेळगाव भागातून रायतूरला जायचे तर लोंढ्याला गाडीत बसावे, कॅसलरॉकवरून घाट उतरावा, दूधसागरचा धबधबा डोळे भरून पाहावा आणि कुळे, सावर्डे करीत मडगाव गाठावे. आपल्याकडील कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज कधीकाळी गोव्यातून घाट चढून वर आले. त्यांनी बरोबर काय आणले असेल? थोडी भांडीकुंडी, शेतीची अवजारे, देव्हाऱ्यातील क्रूस, आणि ओठांवरच्या प्रार्थना. गेल्या हिवाळ्यात आमच्या धर्मग्रामातील काही मंडळींसह रायतूरची यात्रा घडली, तेव्हा हा विचार वारंवार मनात येत होता.

रायतूर एके काळी किल्ल्याचे ठाणे होते. विजापूरकरांकडून तो किल्ला विजयनगरच्या कृष्णदेवरायाने जिंकला आणि १५२० मध्ये तो पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. आज त्या किल्ल्याची दगडी कमान तेवढी वाटसरूंचे लक्ष वेधून घेते. तटबंदीचा बाकीचा डौल काळाने हिरावून नेला आहे. सेमिनरीची गोष्ट वेगळी. १ नोव्हेंबर १६०६ रोजी, सकल संतांच्या सणाच्या दिवशी, तिचा पायाचा दगड बसविण्यात आला. प्रथम ते येशूसंघीयांचे महाविद्यालय होते. १७५९ मध्ये पोर्तुगीज सत्तेने येशूसंघीयांना हद्दपार केले, आणि पुढे तेथे धर्मप्रांतीय धर्मगुरूंचे शिक्षण सुरू झाले. चारशेहून अधिक वर्षे उलटली, तरी त्या लांबच लांब ओसऱ्यांतून तरुण विद्यार्थ्यांची पावले आजही उमटत आहेत. शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन वास्तू. एक तोफांच्या बळावर उभारली, ती ढासळली. दुसरी अध्ययन आणि प्रार्थना यांसाठी उभारली, ती टिकून आहे. यात्रेकरूने एवढे जरी मनात साठविले, तरी त्याचे गाडीभाडे वसूल झाले म्हणावे!

परंतु मराठी ख्रिस्ती माणसाला रायतूरची ओढ वाटावी याला आणखी एक मोठे कारण आहे. १६१६ साली याच ठिकाणी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. हा सत्पुरुष जन्माने इंग्रज. १५४९ च्या सुमारास इंग्लंडात त्याचा जन्म झाला. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी तो गोव्याच्या किनाऱ्यास लागला, आणि १६१९ मध्ये देवाज्ञा होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, येथेच राहिला. त्यांतील बहुतेक काळ त्याने साष्टी प्रांतातील खेड्यापाड्यांत घालविला. लोकांची बोली तो शिकला, त्यांची ग्रंथभाषा शिकला, त्यांची ओवी शिकला. आणि ज्या मातीत पाऊल ठेवले त्या मातीच्या वाणीने बोलू लागला. मराठी भाषेचा त्याने केलेला गौरव पुढे शाळकरी मुलांच्याही तोंडी झाला, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच.

हा ग्रंथ का लिहिला, ते स्टीफन्स यांनी त्याच्या आरंभीच सांगून ठेवले आहे. धर्मशिक्षण चालू असता एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने आपली अडचण पुढे मांडली. तुम्ही शिकविता ते चांगले आहे. परंतु पूर्वीची पुराणे वाचण्यास आम्हांस मनाई झाली, मग त्यांच्या जागी वाचावे, ऐकावे असे काही आम्हांस का देत नाही? असा त्याचा आशय. वाचकहो, या प्रश्नाचे मोल थोडे थांबून जोखले पाहिजे. त्या मनुष्याने नोकरी मागितली नाही, मान मागितला नाही. त्याने मागितला ग्रंथ. प्रश्नोत्तरे पाठ करून धर्माची रूपरेषा कळते. पण दिवसभर राबून आलेल्या माणसाच्या मनाला संध्याकाळी विसावा हवा असतो, कथा हवी असते, जिच्यात स्वतःला पाहावे अशी माणसे हवी असतात. ती त्याला देवाच्या घरात मिळाली नाहीत, तर तो ती अन्यत्र शोधणारच. ही भूक त्या पाद्रीबाबाने ओळखली, हेच त्याचे थोरपण.

सुमारे ११,००० ओव्यांचा तो ग्रंथ दोन भागांत सिद्ध झाला. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतचा जुना करार, दुसऱ्यात आपल्या तारणाऱ्याचे जीवन, मरण आणि पुनरुत्थान. पहिल्याचे ३६ आणि दुसऱ्याचे ५९, असे एकंदर ९५ अवस्वर, म्हणजे अध्याय. दर रविवारी एक म्हटला तरी पावणेदोन वर्षांहून अधिक काळ पुरेल एवढी ही शिदोरी! देवनागरी अक्षरांचे खिळे त्या काळी तेथे उपलब्ध नव्हते. म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत छापाव्या लागल्या. त्याच रायतूरच्या छापखान्यातून, स्टीफन्स यांच्या मृत्यूनंतर, त्यांची ख्रिस्ती धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये आणि कोंकणी भाषेचे व्याकरण १६४० मध्ये बाहेर पडले.

ख्रिस्तपुराण म्हणजे प्रत्यक्ष बायबल नव्हे, हे येथे स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. पवित्र शास्त्र देवाच्या प्रेरणेने लिहिले गेले. पुराण ही एका भक्ताने त्यावर रचलेली काव्यमय कथा. तथापि ज्या काळी सामान्य माणसाच्या हाती त्याच्या भाषेतील बायबल नव्हते, त्या काळी शास्त्रातील पुरुष आणि स्त्रिया यांची ओळख घरोघर करून देण्याचे काम या ओव्यांनी केले.

आता यातील विलक्षण भाग पाहा. १६१६ नंतर या ग्रंथाच्या १६४९ मध्ये आणि १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कोठे असल्याचे ज्ञात नाही. सेमिनरीच्या ओसरीत उभे राहून आम्ही ही हकीकत सांगत होतो, तेव्हा आमच्याबरोबर आलेल्या एका वृद्ध आईने विचारले, “फादर, एवढी पुस्तके छापली आणि एकही उरले नाही, मग आज आपण वाचतो ते आले कोठून?”

“हस्तलिखितांतून,” आम्ही सांगितले. गोव्यातून कानडा मुलखात, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हा ग्रंथ हाताने उतरवून घेतला होता. आजोबांनी उतरविलेली वही नातवाने वाचली. ती जीर्ण झाली, तेव्हा त्याने ती पुन्हा उतरविली. १७८४ मध्ये टिपू सुलतानाने तेथील ख्रिस्ती लोकांना धरून श्रीरंगपट्टणला नेले आणि १७९९ पर्यंत, पंधरा वर्षे, त्यांनी बंदिवास भोगला. त्या काळात याच ओव्यांनी त्यांना धीर दिला, असे तेथील परंपरा सांगते. अशा घराघरांत जपलेल्या वह्या गोळा करून जे. एल. सल्दान्हा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा छापला. पुढे १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यात त्याची देवनागरी आवृत्ती काढली.

वृद्ध आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “म्हणजे ज्यांनी वाचले त्यांच्याच घरी राहिले म्हणायचे.”

त्या माउलीने चार शब्दांत जे सांगितले, ते आमच्या लांब प्रवचनातही आले नसते. कागद काय, दमट हवेत कुजतो, वाळवीच्या तोंडी पडतो. पेटीत जपून ठेवलेला ग्रंथ जातो; जिभेवर ठेवलेला राहतो. ख्रिस्तपुराण वाचविले ते वाचणाऱ्यांनी. आणि त्याच वेळी त्या पुराणाने त्यांना वाचविले. परमुलखात, बंदिवासात, धर्मगुरूवाचून राहण्याचे दिवस आले, तेव्हा त्यांच्या श्रद्धेला आधार मिळाला तो वर्षानुवर्षे कानांवर पडलेल्या शब्दांचा. संकट आल्यावर ग्रंथ शोधू लागलेल्या माणसाला तो आधार एका रात्रीत लाभत नाही.

रायतूरहून परतताना राय गावात पाहिलेल्या शेतांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. तेथे दरवर्षी ५ ऑगस्टला, हिमाच्या सायबिणीच्या सणाला, भाताची पहिली कणसे कापून देवमंदिरात आणतात आणि आशीर्वादित करतात. तेथील लोक त्याला कणसांचे फेस्त म्हणतात. आपण शेतकरी आहोत. आपल्याला ठाऊक आहे की कणीस ५ ऑगस्टला दिसले तरी ते त्या दिवशी तयार झालेले नसते. चिखलणी, पेरणी, लावणी, बेणणी, दररोज बांधावर फेरी, पाणी अडविणे आणि सोडणे, या सर्वांतून ते येते. प्रभू येशूने आपल्या शब्दाला बीज म्हटले, आणि ते वाटेवर, खडकावर, काट्यांत व सुपीक जमिनीत पडल्याचा दाखला दिला. आपण तो दाखला वर्षातून एकदा मिस्सात ऐकतो आणि मान डोलावतो. पण ज्या शेताकडे मालक वर्षातून एकदा फिरकतो, त्या शेतात काय पिकते?

आज आपल्या खेड्यांतील स्थिती काय आहे? ग्रंथाची उणीव आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी घोषित केलेल्या दस्तऐवजात सर्व श्रद्धावंतांसाठी पवित्र शास्त्राचे दार सताड उघडे असावे असे सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये सामान्य काळातील तिसरा रविवार देवशब्दाचा रविवार म्हणून ठरवून दिला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. साष्टीतील त्या नवख्रिस्ती माणसाला जे मागावे लागले, ते आपल्याला न मागता मिळाले आहे. लग्नात बायबल भेट येते, ते आल्तारावर मांडले जाते, त्यावर जरीचे वस्त्र येते, सणाला हार पडतो. आणि वस्त्राखाली पाने एकमेकांना चिकटून राहतात.

इकडे मुले कामधंद्यासाठी पुणे, गोवा, आखाती देश येथे जातात. तेथे सोबती त्यांना विचारतात, तुमच्या धर्मात काय सांगितले आहे? त्यांना सणांची नावे आठवतात, रोझरीची रहस्ये आठवतात. पण डोंगरावरील प्रवचनात प्रभू काय बोलला ते सांगता येत नाही. कोणी त्यांना चुकीचा अर्थ सांगितला, तर तो चुकीचा आहे हेही त्यांना ओळखता येत नाही. सांगा, मुलाच्या पेटीत आपण चटणी, लोणचे, चादर घालतो. मग त्याच्या मनात कोणती शिदोरी घालून त्याला गाडीत बसवितो?

आमच्या धर्मग्रामातील एका घराची गोष्ट सांगतो. तेथे रात्रीच्या रोझरीनंतर शुभवर्तमानाचा एक लहान भाग वाचण्याचा परिपाठ पडला. मोठा मुलगा सातवीत, तो वाची. एके रात्री संत मत्तयच्या पाचव्या अध्यायातील तो भाग आला, ज्यात आपल्यावर भावाचा राग आहे हे आठवले तर अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा असे प्रभू सांगतो. घरधन्याचा आपल्या सख्ख्या भावाशी बांधावरून सहा वर्षांचा अबोला. मुलाने निरागसपणे वाचले आणि पुस्तक मिटले. त्या रात्री कोणी काही बोलले नाही. बांधाचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. परंतु गेल्या सुगीत दोघा भावांनी एकाच खळ्यावर मळणी केली. आम्ही या विषयावर त्या घरी तीन वेळा बोललो होतो, त्याचा उपयोग झाला नव्हता. सातवीतल्या मुलाच्या तोंडून आलेल्या देवशब्दाने जे व्हायचे ते केले.

म्हणून, प्रिय वाचकहो, विनंती एवढीच की ग्रंथावरील वस्त्र काढा. एकदम पहिल्या पानापासून ७३ पुस्तके वाचून काढण्याचा संकल्प सोडू नका. तसे संकल्प लेवीयाच्या पुस्तकापाशी थबकतात. संत मार्कच्या शुभवर्तमानाने आरंभ करा. त्याचे अध्याय १६. रोज अर्धा वाचला तर एका महिन्यात ते पूर्ण होते. चारही शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय आहेत. रोज एक घेतला तर तीन महिन्यांत प्रभूचा सारा जीवनवृत्तांत कानांवरून जातो. मोठ्याने वाचा, जेणेकरून अक्षर न येणाऱ्या आजीलाही ऐकू जाईल. पाळीपाळीने वाचा, मुलींनाही वाचू द्या. वाचून झाल्यावर दोन क्षण शांत बसा, आणि जो शब्द मनाला लागला तो एकेकाने उच्चारावा. समजले नाही ते लिहून ठेवा आणि रविवारी आम्हांला विचारा. एथिओपियाच्या त्या अधिकाऱ्यानेही रथात बसून यशया वाचताना, कोणी समजावून सांगितल्यावाचून मला कसे कळणार, असेच फिलिपला म्हटले होते. शनिवारी रात्री दुसऱ्या दिवशीच्या मिस्साचे शुभवर्तमान वाचून ठेवलेत, तर वेदीवरून ते पुन्हा ऐकताना ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटेल.

कंटाळा येईल, काही रात्री चुकतील, दिवसभराच्या श्रमाने डोळे मिटतील. त्याने खचू नका. एक खेप चुकली म्हणून कोणी शेत पडीक टाकीत नाही. साष्टीच्या त्या अनामिक माणसाने एकदा ग्रंथ मागितला, आणि त्याच्या मागण्याचे फळ चारशे वर्षांनी आपल्या पदरात पडले आहे. तुमच्या घरात आज जे पंधरा मिनिटे वाचले जाईल, त्याचे फळ कोणत्या नातवाला, कोणत्या गावी, कोणत्या संकटात मिळेल हे देवच जाणे. आपले काम पेरण्याचे. प्रभू तुमच्या घरांवर आणि तुमच्या वाचनावर आपला आशीर्वाद ठेवो.