दोर कोणाच्या हातात

राजूरसारख्या गावात वार्ताहरकी करायची तर निधनवार्ता लिहिता आली पाहिजे. डांगी जनावरांचं प्रदर्शन, भंडारदरा भरल्याची बातमी, आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयावरचा मोर्चा, हे सगळं ज्याच्या त्याच्या हंगामात येतं. माणसं मात्र बारमाही जातात. त्यामुळे हात बसून जातो. नाव, गाव, वय, ‘वृद्धापकाळाने’ की ‘अल्पशा आजाराने’, मनमिळाऊ व परोपकारी स्वभाव, आणि ‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे’. मजकूर फोनवरून पाठवला की संध्याकाळपर्यंत पान लागतं.

धाडसी माणसाची बातमी लिहायला बसलं की हा साचा अपुरा पडतो. ‘धाडसी’ हा शब्द तर कुणालाही लावता येतो. सोसायटीच्या निवडणुकीत उभं राहणाराही धाडसीच असतो.

कळसूबाई ते हरिश्चंद्रगड या पट्ट्यात धाडस पोटामागून आलं. पाऊस भरपूर, जमीन थोडी आणि तीही उताराची. भात, नागली, वरई होईल तेवढी. मग हिरडा गोळा करायचा, डोईवर ओझं घेऊन करोली घाटानं खाली डोळखांबकडं उतरायचं, मीठमिरची घेऊन तोच कडा पुन्हा चढायचा. आणि ज्याची छाती असेल त्यानं आग्या मोहोळाचा मध काढायचा.

साम्रद-घाटघर बाजूच्या अशाच एका मध काढणाऱ्या म्हाताऱ्याची बातमी मी लिहिली. नाव इथं देत नाही, घरच्यांना आवडणार नाही. मी पोचलो तेव्हा अंगणात पुरुषमंडळी बसलेली होती. विचारलं तर सगळ्यांचं एकच: लई धाडशी माणूस, जनावराला भ्यायचा नाही. कधी, कुठं, काय केलं म्हटलं की गाडी अडायची. फोटो मागितला तर स्टुडिओतून करून आणलेला हाती दिला. मुंडासं काढून त्याला कोट-टाय चढवला होता! जन्मात ज्याच्या अंगाला कोट लागला नाही, तो मेल्यावर बँकेच्या साहेबासारखा दिसत होता.

या कामात मी एक शिकलोय. अंगणातलं ऐकून घ्यायचं आणि मग घरात जायचं. दुखवट्याच्या दिवसांत बायको आत भिंतीला टेकून बसलेली असते. बातमीत तिचं नावसुद्धा येत नाही, ‘पश्चात पत्नी’ एवढंच येतं. मी आजींना विचारलं, बाबा मधाला जायचे तेव्हा तुम्ही काय करायच्या?

“काय करनार? चूल इझू द्यायची नाय.”

मग हळूहळू सगळं निघालं. आग्या मोहोळ कड्याच्या पोटाखाली उघड्यावर लटकतं. दिवसा त्याच्या वाटेला जायचं नाही, अवसेच्या काळोखात जायचं. वर दोर धरणारे, खाली दोराला हा एकटा. हातात धुमसता पलिता. तो पोळ्याला हलकेच घासला की ठिणग्या खाली दरीत झडतात आणि माश्या त्या ठिणग्यांमागं जातात. तेवढ्या वेळात पोळ्याचा वरचा, मधाचा भाग कापून डब्यात घ्यायचा. खाली पिल्लांचा भाग असतो, त्याला हात लावायचा नाही.

“दोर माझ्या भावाच्या हातात राह्यचा,” आजी म्हणाल्या. “सख्ख्या भावाकडं नाय द्यायचे.”

का, म्हटलं.

“भावाला वाटा असतो. माझ्या भावाला बहीन असते.”

निलगिरीतल्या कुरुंब आदिवासींमध्येही मध काढताना दोर मेहुण्याकडंच देतात, असं मी पुढं वाचलं. इतक्या लांबच्या दोन डोंगरांत माणसं एकाच हिशोबाला आली. हा हिशोब कुठल्याही श्रद्धांजलीच्या भाषणात येत नाही. दशक्रियेला घाटावर पुढारी एकामागून एक बोलत राहतात, कावळासुद्धा कंटाळतो. पण त्या माणसाचा जीव रात्ररात्र कुणाच्या मुठीत होता, ते कुणाला ठाऊक नसतं.

मुलाकडून एकच गोष्ट मिळाली, पण पक्की. बापानं त्याला कधी दोरावर घेतलं नाही. नातू सांधण दरीत पर्यटक उतरवतो; नायलॉनचा दोर, हार्नेस, हेल्मेट, सगळं आहे. आजोबा शेवटपर्यंत त्याच्या गाठी तपासायचे आणि नव्या दोराला नावं ठेवायचे. नवरा, बाप, आजा असा तिघांचा माणूस मला एका घरात सापडला, आणि बातमीला जागा होती एका बोटाची.

धाडसाची नोंद कोण ठेवतं, हा खरा प्रश्न आहे. राजूरजवळच्या देवगावचे राघोजी भांगरे घ्या. सावकार आणि कंपनी सरकार यांच्याविरुद्ध उठले, पंढरपुरात पकडले गेले, 2 मे 1848 रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. त्यांच्या पाठलागाचे कागद गोऱ्या साहेबानं लिहिले, म्हणजे मागावर असलेल्यानं. त्यामुळे त्यांत दरोडा आहे, फितुरी आहे, अटक आहे. पोलिसांनी आईचा छळ केला, हे इथली माणसं पिढ्यानपिढ्या सांगतात म्हणून कळतं. घरात त्या वर्षांत चूल कशी पेटली, हे मला कुठं वाचायला मिळालेलं नाही.

दुसरी नोंद क्लबांची. ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत जानेवारी 2020 मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दोरानं उतरण्याच्या मोहिमेत मरण पावले. त्यांनी केलेल्या चढाया आणि शोधलेल्या वाटा सोबत्यांनी भराभरा सांगितल्या, कारण गिर्यारोहकांत नोंद ठेवायची रीत आहे. ती चांगलीच रीत आहे. पण आमच्याकडं मधासाठी अंधारात कडा उतरणाऱ्यांची नोंदवही कुणी ठेवली नाही. अमुक कडा पहिल्यांदा कोण उतरलं असं कुणी ठासून सांगू लागलं, की मला वर दोर धरणारा त्या आजींचा भाऊ आठवतो. तो कुणाच्या यादीत नाही.

म्हणून मी आता बातमी वेगळी बांधतो. जागा कमी पडली की डेस्कवर मजकूर खालून कापतात, हे मला पाठ आहे. तेव्हा खरी गोष्ट दुसऱ्याच वाक्यात घालून टाकायची आणि ‘मनमिळाऊ’ शेवटी ठेवायचा. कापला गेला तर गेला. त्या म्हाताऱ्याच्या बातमीत दुसरं वाक्य होतं: ‘आग्या मोहोळाचा मध काढताना ते दोर मेहुण्याच्याच हाती देत.’ ते छापून आलं. कोटवाला फोटोही छापून आला, त्याला माझा इलाज नव्हता.

ज्यांच्या घरी असा म्हातारा अजून आहे, त्यांनी एवढं करावं. फोटो मुंडाशासकट आत्ताच काढून ठेवावा. कुठल्या घाटानं, कुठल्या कपारीतून, कुणासोबत गेले ते त्यांच्याच तोंडून वहीत उतरवून घ्यावं. आणि विचारायला बसाल तेव्हा म्हातारीला चुलीपुढून उठवून त्यांच्या शेजारी बसवा. ते जिथं फुगवून सांगतील तिथं ती लगेच टोकेल.