पंखावरचे चक्र

सिल्वासाजवळच्या मसाटच्या औद्योगिक वसाहतीत मी प्लॅस्टिकचे रंग जुळवतो. ग्राहकाकडून बादलीचा किंवा पाइपचा तुकडा येतो आणि नेमका तोच रंग मास्टरबॅचच्या, म्हणजे प्लॅस्टिकला रंग देणाऱ्या, दाण्यांत उतरवून द्यायचा असतो. नमुना लाइट बॉक्समध्ये ठेवून आधी दिवसाच्या उजेडात, मग ट्यूबलाइटखाली, मग पिवळ्या बल्बखाली पाहावा लागतो, कारण एका उजेडात सारखे दिसणारे दोन रंग दुसऱ्या उजेडात वेगळे निघतात. संध्याकाळी घरी आलो की हेच डोळे दुसऱ्या कामाला लागतात. टेबलावर वीतभर लांबीचे मॉडेल विमान असते, शेजारी पाण्यात भिजत घातलेले डेकल (विमानावर चिकटवायच्या छापील खुणा), चिमटा, मास्किंग टेप. आणि माझा सगळा जीव त्या पंखावरच्या केशरी-पांढऱ्या-हिरव्या चक्रात गुंतलेला असतो.

विमानाचे वेड आजोळचे. नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून आहे. तिथे आधी मिग-२१ बनले, पुढे मिग-२७ आणि मग सुखोई. सुट्टीत आजोळच्या गच्चीवर झोपलेलो असताना सकाळी आकाश फाटल्यासारखा आवाज यायचा आणि आम्ही मुले पांघरुणे टाकून कठड्याकडे धावायचो. विमान वळण घेई तेव्हा पंखाची खालची बाजू क्षणभर उन्हात यायची आणि तीन रंगांचा तो गोल दिसायचा. बाकी सगळे यंत्र होते. त्या गोलामुळे ते आपले वाटायचे.

सिल्वासाच्या घरी मात्र वेगळ्या गोष्टी कानावर पडत. करसवलतींमुळे इथे कारखाने आले आणि त्यांच्यामागे आमच्यासारखी कुटुंबे आली. दर २ ऑगस्टला मुक्तिदिनाचा कार्यक्रम व्हायचा. १९५४ साली आझाद गोमंतक दलाच्या आणि इतर स्वयंसेवकांनी पोर्तुगिजांकडून हा मुलूख सोडवला, त्या लढ्यात सुधीर फडकेही होते, हे वडील दरवर्षी तितक्याच अभिमानाने सांगत. त्या लढ्यात भारताचे एकही लढाऊ विमान नव्हते. दमणची गोष्ट निराळी. १८ डिसेंबर १९६१ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन दमणमध्ये शिरली आणि वरून वायुदलाची मिस्टेअर विमाने पोर्तुगिजांच्या तोफांवर झेपावत होती. त्याच दिवशी पुण्याहून उडालेल्या कॅनबेरा बॉम्बर विमानांनी गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले, इमारतींना मात्र धक्का लावला नाही. आमच्या आळीत दमणकडचे एक आजोबा राहत. त्या सकाळचे ते एवढेच सांगत, “आवाज आला, चांदीसारखं काही चमकलं आणि गेलं.” त्यांना जे दिसले ते मला हातात धरून बघायचे होते.

दुकानात मिळणारी किट परदेशी आणि त्यांतले डेकलही परदेशी विमानांचे. भारताच्या खुणा स्वतः कराव्या लागत, म्हणून त्या आधी वाचाव्या लागल्या. वाचताना कळले की विमानावरचे चक्र म्हणजे तारखेचा शिक्का असतो. दुसऱ्या महायुद्धात आपली स्क्वाड्रन्स ब्रिटिशांचे चक्र वापरत, मधोमध लाल ठिपका असलेले. जपानी विमानांवरही लाल गोल होता. धावपळीच्या लढाईत स्वतःच्याच माणसांनी आपल्यावर गोळी झाडू नये म्हणून ब्रह्मदेशच्या आघाडीवर तो लाल रंग काढून टाकण्यात आला आणि गडद निळ्यात फिकट निळा एवढेच चक्र उरले. १९४४ साली अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली इंफाळला लढलेल्या पहिल्या स्क्वाड्रनच्या हरिकेन विमानावर मी लाल ठिपका काढला, तर ज्या भीतीपोटी तो पुसला गेला ती भीतीच मी पुसून टाकीन. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ पांढऱ्यावर निळे अशोकचक्र आले. काश्मीरच्या लढाईत महावीर चक्र मिळवणारे आणि पुढे १९७६ ते १९७८ वायुदलप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर यांच्या पिढीने हा सगळा बदल आपल्या पंखांवर पाहिला. २६ जानेवारी १९५० रोजी वायुदलाच्या नावातले ‘रॉयल’ गेले. मग आजचे तिरंगी चक्र स्थिरावले : बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा.

बहात्तरपट लहान विमानावर हे चक्र उतरवणे हा हाताचा आणि डोळ्याचा कस असतो. अशोकचक्राचे चोवीस आरे सेंटिमीटरभर जागेत बसवायचे तर ब्रशचा उपयोग नाही, ते छापूनच घ्यावे लागतात. तिरंगी चक्र मात्र मी रंगवतो. कंपासला पाते लावून मास्किंग टेपचे गोल कापायचे आणि आधी संपूर्ण पांढरा थर द्यायचा. केशरी रंग पातळ असतो, खालचा राखाडी किंवा चंदेरी त्यातून डोकावतो आणि रंग मळतो. पांढऱ्यावर तो उजळतो. मग केशरीची कडी, मग आतला हिरवा. शेवटी ग्लॉस कोट, कारण खडबडीत पृष्ठभागावर लावलेल्या डेकलखाली हवा अडकते आणि अंकांभोवती चकाकणारी कड उरते. भारताच्या खुणांचे परदेशी डेकल मिळालेच तर त्यांतला केशरी पुष्कळदा नारिंगीकडे झुकलेला असतो. इथे मसाटची नोकरी कामी येते. मिश्रण करतो, वाळू देतो, उन्हात नेतो, सावलीत आणतो. मूळ रंग अगदी शुद्ध उतरवला तरी एवढ्याशा विमानावर तो भडक दिसतो, म्हणून त्यात पांढऱ्याचा थेंब घालतो. अंतरामुळे रंग फिकटतो, आणि लहान विमान म्हणजे दूरवरून पाहिलेले विमानच.

दमणचे मिस्टेअर मी अशा रीतीने केले. खरे विमान १२.८५ मीटर लांब, माझे जेमतेम अठरा सेंटिमीटर. उघडा धातू दाखवायचा म्हणजे एकच चंदेरी रंग फासून भागत नाही. पत्र्याचा प्रत्येक तुकडा वेगळ्या तेजाचा असतो, इंजिनाजवळचा पत्रा तापून काळवंडलेला. आजोबांना चमकलेले ते हेच. पुढे ही चमक महाग पडली. १९६५ च्या युद्धात पठाणकोटवर ६ सप्टेंबरला हल्ला झाला आणि जमिनीवर उभी असलेली मिस्टेअर, मिग-२१ जळाली. त्यानंतर विमानांवर घाईघाईने हिरवे-तपकिरी पट्टे ओढण्यात आले. त्या विमानांची मॉडेल करताना पट्ट्यांची कड सुबक ठेवली तर ते खोटे होते. ज्या वायुसैनिकांनी रात्री हाताला येईल तो रंग फासला, त्यांची घाई त्या कडेत दिसली पाहिजे.

विमानावरच्या क्रमांकाच्या बाबतीत मी सर्वांत हट्टी आहे. पुराव्याशिवाय एकही अंक मी लावत नाही. १९६५ मध्ये स्क्वाड्रन लीडर ब्रिजपाल सिंग सिकंद यांचे नॅट हे लढाऊ विमान पाकिस्तानातल्या पसरूरला उतरले आणि ते युद्धकैदी झाले. त्या विमानाचा क्रमांक आयई १०८३. कराचीतल्या पाकिस्तानी हवाई दलाच्या संग्रहालयात ते भारतीय खुणांसह उभे आहे. नॅट शेकडो होती, पण त्या दिवशी पसरूरला उतरलेले एकच होते. दोन-तीन मिलिमीटरच्या त्या अंकांत एका माणसाची कैद मावलेली आहे. एक अंक चुकीचा लावला तर ती कैद मी दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर टाकतो.

कधी कधी वसाहतीतला एखादा मुलगा मॉडेल पाहायला येतो. अंक एवढे बारीक कशाला, लांबून कुणाला दिसणार, असे तो विचारतो. मी त्याला डाकोटाची हकीकत सांगतो. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी सैनिकांना घेऊन श्रीनगरला पहिले उतरलेले डाकोटा होते व्हीपी ९०५. वायुदलाच्या वारसा ताफ्यासाठी एक जुने डाकोटा इंग्लंडमध्ये दुरुस्त करून २०१८ मध्ये भारतात आणले, तेव्हा त्याचे नाव ठेवले परशुराम आणि अंगावर अंक लिहिले व्हीपी ९०५. विमान दुसरे होते. तरीही वायुदलाने तेच अंक निवडले, कारण श्रीनगरच्या त्या सकाळचा पत्ता त्यांतच लिहिलेला आहे. जे काम वायुदल खऱ्या विमानावर करते तेच मी माझ्या टेबलावर करतो, आणि म्हणून ते नीट करतो. हे ऐकून मुलगा भिंग मागतो. मी भिंग त्याच्या हातात देतो आणि अंक मोठ्याने वाचायला सांगतो.