हाक मारायची ती नावाने!

मुलांनो, शाळा सुरू झाली की वर्गातल्या जागा बदलतात. उंच मुलं मागे जातात, ज्यांना फळा नीट दिसत नाही ती पुढे येतात. अशा वेळी "तिसऱ्या बाकावरच्या, उभा राहा बघू!" असं बाईंनी म्हटलं, तर काल जो उभा राहिला तोच आज उभा राहील का? नाही. बाक तोच, पण मूल दुसरं! कॉम्प्युटरच्या बाबतीतही अगदी असंच होतं, बरं का!

आमची शाळा लहानशी. पहिली ते चौथी. चाचणीचे गुण आम्ही एक्सेलच्या फाईलमध्ये ठेवतो. या फाईलला वहीसारखी पानं असतात. त्यांना वर्कशीट म्हणतात. प्रत्येक पानाचं नाव खाली छोट्या पट्टीवर दिसतं. आमच्या फाईलमध्ये 'पहिली', 'दुसरी', 'तिसरी', 'चौथी' अशी पानं आहेत आणि शेवटी प्रगतिपत्रकांची. या शेवटच्या पानांवर मुलांची नावं असतात. बटण दाबलं की हजेरी क्रमांकाप्रमाणे गुण आपोआप तिथे येऊन बसतात.

हे काम करतो तो 'मॅक्रो'. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने लिहून दिलेल्या सूचना. त्या ज्या भाषेत लिहितात ती व्हीबीए नावाची भाषा एक्सेलमध्ये १९९३ साली आली. आमचा मॅक्रो ओळखीच्या एका शिक्षकांनी लिहून दिला होता आणि तो छान चालतही होता.

प्रगतिपत्रकं घरी पाठवण्याआधी मी ती मुलांना वर्गात दाखवते. मागच्या वर्षी अशीच दाखवत असताना तिसरीतला एक मुलगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, गणितात ४४ माझे नसणार. मला तर भागाकार आलेच नव्हते." तोवर दुसऱ्या बाजूला एका मुलीचे डोळे भरून आले होते. तिला पन्नासपैकी ४६ गुण होते आणि पत्रकावर छापले होते २९! हे पत्रक तसंच घरी गेलं असतं तर? तिला उगीचच बोलणी खावी लागली असती.

दुपारी मी कॉम्प्युटर उघडला. मॅक्रो पूर्ण न चालवता एफ-८ हे बटण दाबत गेलं, की तो एकेक ओळ पुढे सरकतो. आता चालायची ओळ पिवळी दिसते. एका ओळीवर मी थांबले. तिथे लिहिलं होतं, वर्कशीट्स(३). म्हणजे डावीकडून तिसरं पान. मग खालच्या 'इमीजिएट' नावाच्या चौकटीत मी लिहिलं, वर्कशीट्स(३).सिलेक्ट, आणि एंटर दाबलं. एक्सेलने झटकन पान उघडून दाखवलं. कुठलं? 'दुसरी'चं!

कारण सोपं होतं. कुणीतरी फाईलच्या सुरुवातीला 'सूचना' नावाचं एक नवं पान घातलं होतं. त्यामुळे सगळी पानं एकेक घर उजवीकडे सरकली. मॅक्रो बिचारा सांगितल्याप्रमाणे तिसऱ्याच पानावर गेला, आणि तिसरीतल्या सात नंबरच्या मुलीला दुसरीतल्या सात नंबरचे गुण देऊन आला.

मग त्या गुरुजींनी पानाचं नावच का नाही लिहिलं? त्यातही एक गंमत आहे. मॅक्रो लिहायच्या खिडकीत आमच्या कॉम्प्युटरवर देवनागरी अक्षरं उमटत नाहीत. 'तिसरी' लिहायला जावं, तर नुसती प्रश्नचिन्हांची रांग! म्हणून त्यांनी आकड्यावर काम भागवलं होतं.

याला उपाय दोन. पहिला, पट्टीवरचं नाव रोमन अक्षरांत ठेवायचं आणि मॅक्रोत तेच लिहायचं. पण मग कुणी पट्टीवरचं नाव बदललं, किंवा नावापुढे चुकून एक मोकळी जागा सोडली, की मॅक्रो अडतो आणि 'रन-टाइम एरर ९' असा संदेश येतो. याचा अर्थ, "या नावाचं पान मला सापडत नाही."

दुसरा उपाय जास्त पक्का. प्रत्येक पानाला पट्टीवरच्या नावाखेरीज एक आतलं नावही असतं, त्याला कोडनेम म्हणतात. पान कुठेही सरकवा, पट्टीवर काहीही लिहा, कोडनेम बदलत नाही. आम्ही तेच वापरलं. त्यामुळे पट्ट्यांवर आपली मराठी नावंही तशीच राहिली!

संदेश आला की आपण वैतागतो. पण मुलांनो, 'एरर ९' म्हणून ओरडणारा मॅक्रो आपला मित्रच समजा. तो निदान सांगतो तरी. आमचा मॅक्रो काहीच ओरडला नव्हता. बरोबर दिसणारे, पण चुकीचे आकडे त्याने गुपचूप छापले. ते पकडले एका मुलाने, तेही स्वतःचे वाढलेले गुण परत करून!

पालकांनाही एक विनंती. प्रगतिपत्रकात एखादा आकडा विचित्र दिसला, तर रागावण्याआधी मुलाला विचारा, उत्तरपत्रिका पाहा.

आणि तुम्हाला एक उद्योग! बाईंना किंवा गुरुजींना विचारून एक्सेलची कोरी फाईल उघडा. तीन पानं करा. ऑल्ट आणि एफ-११ एकदम दाबा, मग कंट्रोल आणि जी. इमीजिएट चौकट दिसेल. तिथे इंग्रजीत वर्कशीट्स(२).सिलेक्ट असं लिहून एंटर दाबा. कुठलं पान उघडलं ते पाहून ठेवा. आता पहिलं पान माऊसने ओढून शेवटी न्या आणि तीच ओळ पुन्हा चालवा. काय झालं, ते घरी सर्वांना समजावून सांगा!